इक्विफॅक्सची नुकसानभरपाई: १२५ डॉलर सोडा, पावत्या जपा

२०१७ मध्ये लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या क्रेडिट ब्युरोतून अमेरिकेतल्या सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची नावं, जन्मतारखा, पत्ते आणि बहुतेकांचे सोशल सिक्युरिटी नंबर (तिथले सरकारी ओळख क्रमांक) चोरीला गेले. चोरांनी अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधल्या भोकातून शिरकाव केला. त्याची दुरुस्ती ७ मार्चलाच उपलब्ध झाली होती, पण ती ज्या सर्व्हरवर बसवायची तोच सुटला. त्यात नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचं सर्टिफिकेट मुदत संपून पडलेलं. ते जुलैअखेर बदललं आणि लगेच संशयास्पद हालचाल दिसली. तोवर चोर मेपासून आत होते.

२०१९ मध्ये कंपनीनं सरकारी यंत्रणा आणि बाधितांशी केलेल्या तडजोडीत ग्राहकांसाठी ४२.५ कोटी डॉलरपर्यंतचा निधी ठरला. त्याची दाव्यांची वाढीव मुदतही २२ जानेवारी २०२४ ला संपली, म्हणजे आता अर्ज करता येणार नाही. तरी ही योजना नीट बघून ठेवावी, कारण पुढच्या बऱ्याच तडजोडी याच साच्यातून निघाल्या. टी-मोबाइल या अमेरिकी मोबाइल कंपनीच्या डेटाचोरीचंच घ्या: थेट नुकसान दाखवलं तर २५,००० डॉलरपर्यंत, नाहीतर बहुतेकांना २५ डॉलर.

सगळ्यात फसवा पर्याय १२५ डॉलर रोखीचा. ज्यांच्याकडे आधीच क्रेडिट मॉनिटरिंग (आपल्या नावावर नवं कर्ज किंवा खातं उघडलं तर कळवणारी सेवा) आहे, त्यांनी फुकट सेवेऐवजी पैसे घ्यायचे. बातम्यांत हाच आकडा झळकला आणि लोक तुटून पडले. पण या खात्यात होते फक्त ३ कोटी १० लाख डॉलर. १२५ नं भागा, २ लाख ४८ हजार जणांना पुरतील एवढेच. म्हणजे बाधितांपैकी साधारण सहाशेंत एकाला. त्याहून जास्त दावे आले तर सगळ्यांची रक्कम त्या प्रमाणात कापायची, हे तडजोडीतच लिहिलेलं होतं. पुढे सप्टेंबरमध्ये ईमेल आला: तुमची मॉनिटरिंग सेवा कोणती ते १५ ऑक्टोबरपर्यंत कळवा, नाहीतर दावा बाद. ज्यांनी तो जाहिरात समजून पुसला, ते तिथंच गळाले. उरलेल्यांपैकी अनेकांच्या पदरी २०२२ च्या अखेरीस दहा डॉलरसुद्धा पडले नाहीत.

फुकट मॉनिटरिंग मात्र बरं होतं. पहिली चार वर्षं देशातल्या तिन्ही मोठ्या ब्युरोंच्या नोंदींवर नजर, नंतर सहा वर्षं फक्त इक्विफॅक्सवर. बाजारभावानं हिशेब केला तर १२५ डॉलरपेक्षा हे कितीतरी महाग पडलं असतं. (ज्यानं घर उघडं टाकलं त्याच्याकडूनच पहारा घ्यायचा, हे खटकतं खरं; पण पहिल्या चार वर्षांचं काम एक्सपीरियन या दुसऱ्या ब्युरोकडे होतं.)

खरी भरपाई होती खर्चाच्या दाव्यात: माणशी २०,००० डॉलरपर्यंत. खात्यातून गेलेले पैसे, वकिलाची किंवा सीएची फी, क्रेडिट फ्रीझसाठी (नवं कर्ज देणाऱ्याला आपला क्रेडिट रिपोर्ट दिसू न देण्यासाठी) भरलेलं शुल्क, नोटरी, टपाल, सगळं त्यात बसे. अट एकच, पावती किंवा बँकेचं स्टेटमेंट हवं आणि खर्चाचा या चोरीशी संबंध पटायला हवा. निस्तरण्यात गेलेल्या वेळाचे ताशी २५ डॉलर, वीस तासांपर्यंत. पहिल्या दहा तासांना कागद लागत नसे, काय केलं ते लिहिलं की पुरे. त्यापुढे गैरवापराचा पुरावा. वेळेचा निधीही ३ कोटी १० लाखांवरच अडवलेला, म्हणून भर पावत्यांवर द्यावा. बँकेशी बोलल्याची तारीख, वेळ, तक्रार क्रमांक त्याच दिवशी टिपून ठेवा. दोन वर्षांनी काही आठवत नाही.

कोणत्याही तडजोडीची वाट न बघता करायचं काम म्हणजे क्रेडिट फ्रीझ. २१ सप्टेंबर २०१८ पासून तो कायद्यानं मोफत आहे. इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिघांकडे स्वतंत्रपणे करावा लागतो. एकीकडे केला की बाकीचे आपोआप होत नाहीत. ऑनलाइन किंवा फोनवर मागितला तर एका कामकाजी दिवसात लागतो, तासाभरात उठतो. नव्यानं अमेरिकेत आलेल्या आपल्या मंडळींची गाडी इथं अडते: घर भाड्यानं घेताना किंवा कारचं कर्ज काढताना फ्रीझ उठवायचा राहतो आणि अर्ज फेटाळला जातो. समोरचा कोणत्या ब्युरोचा रिपोर्ट काढणार ते आधी विचारा, तेवढाच आठवडाभरासाठी उघडा. चालू कार्डावरची फसवणूक मात्र फ्रीझ थांबवत नाही; त्यासाठी स्टेटमेंट वाचावंच लागतं.

भारतात असली वाटणी शोधू नका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाई देणारं कलम ४३अ वगळण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे.