हीटरची निपल बादली: मिनेसोटातल्या सहा महिन्यांनंतर

मिनेसोटात आमच्या परसात तीन ब्रह्मा आणि दोन सिल्की अशा पाच कोंबड्या आहेत. गेल्या ऑक्टोबरात त्यांच्यासाठी तळाशी हीटर आणि बाजूला चार निपल (चोच लागताच थेंब सोडणाऱ्या छोट्या तोट्या) असलेली पाण्याची प्लास्टिकची बादली आणली. एप्रिलपर्यंत ती रोज वापरली.

ब्रह्मा ही मुळातच थंडीला काटक जात आहे. तुरा बुटका असल्याने त्याला हिमदंशाची भीती कमी असते. (नाव ब्रह्मपुत्रेवरून पडले असले तरी ही जात घडली अमेरिकेत, शांघायहून आणलेल्या पक्ष्यांपासून.) त्रास होतो तो पिसे ओली झाली की. ब्रह्माच्या पायांवरच्या पिसांना बर्फाच्या गोळ्या चिकटतात. सिल्कीच्या पिसांना तर एकमेकांत अडकणारे आकडेच नसतात, त्यामुळे पाणी निथळून न जाता आत मुरते. आधीच्या हिवाळ्यात उघड्या भांड्यातले पाणी पिऊन एका सिल्कीची चोचीखालच्या पिसांची दाढी भिजली आणि सकाळपर्यंत तिची अशी कडक काडी झाली की हाताला टोचत होती. तळव्याच्या उबेने ती सुटी करायला मला अर्धा तास लागला. निपलला चोच लागताच थेंब सरळ तोंडात जातो आणि दाढी कोरडी राहते. ज्यासाठी बादली घेतली ते काम तिने चोख केले.

ब्रह्मा निपलच्या चकचकीत टोकाला चोच मारून एका दिवसात शिकल्या. सिल्कींना मात्र डोळ्यांवर आलेल्या झुपक्यामुळे निपल दिसेचना. झुपका कातरला तेव्हा कुठे त्यांना जमले.

उणिवा दोन. जानेवारीत पारा उणे २६ अंश सेल्सिअसवर गेला, तेव्हा बादलीतले पाणी पातळच होते, पण दाराकडचे दोन्ही निपल गोठले, कारण बाहेर आलेल्या धातूच्या पिनेपर्यंत तळाची ऊब पोहोचत नाही. खोक्यावर मात्र 'कडाक्याच्या थंडीतही चालते' असे छापलेले होते. बादली आतल्या भिंतीशी सरकवली आणि प्रश्न मिटला, फक्त वायर जेमतेम पुरते.

दुसरी उणीव मला जास्त खटकली. फेब्रुवारीत एक निपल गळू लागला आणि खालचा लाकडाचा भुसा ओला होऊ लागला. खुराड्यात थंडीपेक्षा ओल घातक असते: श्वासाची आणि विष्ठेची वाफ बाहेर पडावी म्हणून आम्ही दांडीच्या वर, छपरालगत झरोके उघडे ठेवतो, दांडीही चपटी आणि रुंद घेतली आहे, म्हणजे कोंबडी बसली की बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. इतके करून भुशातच पाणी ठिबकत असेल तर काय उपयोग? उष्णता देणारा दिवा मात्र मी लावलेला नाही. कोरडा भुसा आणि पिसांची धूळ असलेल्या जागी तो आगीला आमंत्रण ठरतो.

गळणाऱ्या निपलचे वॉशर बदलले, तरी थेंब थांबला नाही. शेवटी त्याखाली जुनी केकची थाळी ठेवली. सकाळी तिच्यात साचलेला बर्फ मी बाहेर आपटून काढत असे.