व्हॉल्व्ह बदलल्यानंतरचं कार्डियाक रिहॅब: शेवटच्या दहा मिनिटांसाठी भांडावं लागलं

माझा कार्डियाक रिहॅबचा, म्हणजे हृदयाच्या ऑपरेशननंतर देखरेखीखाली करायच्या व्यायामाचा, कोर्स नुकताच संपला. सेंटर बडोद्यातलंच, खासगी. नाव लिहीत नाही. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांना रिहॅब म्हणजे काय हे डिस्चार्जच्या वेळी सांगितलेलं असतंच, म्हणून थेट अनुभवावर येते.

माझा मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयातली एक झडप) बदललाय. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्याने तो खराब झाला होता. मेटलचा बसवला, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, अडीच ते साडेतीनमध्ये सांभाळायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझं सगळं भांडण शेवटी त्या गोळीपाशीच येतं.

पॅकेज ३६ सेशनचं, आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे. सेशनला ५०० रुपये आणि सगळे पैसे आधी. मेडिक्लेमवाल्यांनी ओपीडीचा खर्च बसत नाही म्हणून हात वर केले. ऑपरेशनमध्ये एवढा पैसा गेल्यावर वर आणखी अठरा हजार, त्यामुळे घरात चर्चा झालीच. ह्यांचं म्हणणं, कमाटीबाग आहे की, सकाळी तिथे फुकट चाल. नातेवाइकांचंही तेच. पण मला हॉस्पिटलातच एकदा ठोके अनियमित झाले होते. व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतर हे बऱ्याच जणांना होतं. एकटीने चालायची मला भीती वाटत होती आणि ती भीती खोटी नव्हती. म्हणून पैसे भरले.

सुरुवात फार चांगली झाली. पहिल्या दिवशी सहा मिनिटांची चालण्याची टेस्ट. तीस मीटरचा पॅसेज, दोन्ही टोकांना शंकू ठेवलेले, त्यांना वळसा घालत सहा मिनिटांत जेवढं जमेल तेवढं चालायचं. दम लागला तर थांबायची मुभा, पण घड्याळ चालूच. माझे २९० मीटर झाले. मग त्यांनी भिंतीवरचा बोर्ग स्केलचा तक्ता दाखवला. त्यात ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत आणि २० म्हणजे आता जीवच जाईल. आमचं काम ११ ते १३ मध्ये राहायचं. मुलाने पल्स मोजणारं घड्याळ आणून दिलं होतं, पण मेटोप्रोलॉलच्या गोळीमुळे पल्स दाबलेलीच असते, त्यामुळे त्या आकड्यावरून श्रम कळत नाहीत. स्वतःला किती जड जातंय हे आपणच आकड्यात सांगायचं. आधी मी प्रत्येक वेळी ९ सांगायचे. ‘हलकं’ आणि ‘थोडं कठीण’ यांतला फरक अंगाला कळायला वेळ लागतो, पण एकदा कळला की घरात जिना चढतानाही तो आकडा आपोआप मनात येतो. या एका गोष्टीसाठी सेंटरला पूर्ण मार्क.

आता तक्रार.

सेंटरमध्ये ट्रेडमिल दोन. दिवाळीच्या सुमारास त्यातलं एक बंद पडलं. पार्ट यायचाय, हेच उत्तर. संध्याकाळच्या बॅचचे पेशंट तेवढेच, मशीन एक, त्यामुळे कात्री लागली ती कूल-डाउनला. एरवी चालणं झालं की वेग कमी करत आणायचा आणि पुढची दहा मिनिटं सावकाश चालायचं. त्याऐवजी फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची आणि बटण दाबायची. “मासी, पती गयुं, हवे उतरी जाव.” (मावशी, झालं, आता उतरा.) पट्टा थांबला की मी खाली, पुढचे काका वर. माझं बीपी घ्यायच्या आधी ती काकांच्या छातीला इलेक्ट्रोड लावायला गेलेली असायची.

असंच एकदा उतरल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंतीला लावलेला लोखंडी दांडा हाताला लागला म्हणून उभी राहिले. सायकलवर बसलेल्या एका बेननी उतरून मला खुर्चीत बसवलं. बीपी घेतलं तर वरचं ८८.

हे असं का होतं ते डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. चालताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलाला रक्त वर ढकलत असतात. पाय एकदम थांबले की ते ढकलणं थांबतं, पण वाहिन्या लगेच आवळत नाहीत. रक्त पायांत साठतं, बीपी पडतं. त्यात आमच्यासारख्यांना बीपी कमी करणाऱ्या गोळ्या आणि वर लघवीची गोळी. चक्कर यायला आणखी काय लागतं? साध्या माणसाला चक्कर आली तर तो पडेल, गुडघा फुटेल, उठेल. मी पडले आणि डोकं आपटलं तर रक्त पातळ ठेवायच्या गोळीमुळे आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ती दहा मिनिटं माझ्या दृष्टीने कोर्सचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहेत. ट्रेडमिल जुनं असेना, एसी बंद असेना, मी काही बोलणार नाही. माझे सासरे तरुणपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. जोर-बैठका झाल्या की लगेच बसायचं नाही, घाम सुकेपर्यंत फेऱ्या मारायच्या, असं ते घरातल्या सगळ्या मुलांना सांगत. तालमीत जे पाळलं जायचं, ते हृदयाच्या पेशंटच्या सेंटरमध्ये पाळलं जात नाही, याचा मला खरोखर संताप आला.

मॅनेजरकडे गेले. ते म्हणाले, पॅकेजमध्ये ‘एक्सरसाइज सेशन’ लिहिलंय, कूल-डाउन वेगळं लिहिलेलं नाही. मी तिथेच हिशोब मांडला: तासाचे ५००, म्हणजे दहा मिनिटांचे ८३ रुपये, दर सेशनला माझे ८३ रुपये कापले जातायत. उरलेले पैसे परत मागितले. मिळणार नाहीत, म्हणाले, पावतीवर तसं छापलंय. छापलं होतं खरं. त्या रात्री कमाटीबागच बरी, असं आमच्या घरी सगळ्यांचं एकमत झालं.

तरी जात राहिले, कारण पैसे भरलेले होते. पण एक केलं. वही घातली आणि दर वेळी उतरल्या-उतरल्या स्वतः मागून बीपी घ्यायला लावलं, लिहून ठेवलं. दर आठवड्याला तिथे हृदयरोगतज्ज्ञ येतात, त्यांच्यापुढे वही ठेवली. त्यांनी आकडे पाहिले, लघवीची गोळी निम्मी केली आणि मॅनेजरना आत बोलावलं. काय बोलणं झालं माहीत नाही. पुढच्या वेळेपासून पद्धत बदलली: मशीनचा वेग कमी करून उतरवायचं आणि त्याच तीस मीटरच्या पॅसेजमध्ये छातीवरचा ट्रान्समीटर (ठोके स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) न काढता दहा मिनिटं फेऱ्या मारायच्या. बीपी ठीक आल्याशिवाय चप्पल घालायची नाही. याला सेंटरचा एक रुपयाही खर्च आला नाही.

इथून माझं मत बदलत गेलं, आणि त्याचं कारण ती फिजिओथेरपिस्ट मुलगीच. तिच्या एकटीच्या माथ्यावर किती पेशंट टाकलेत हे पॅसेजमधून फिरताना दिसायला लागलं. एका संध्याकाळी मी फेऱ्या मारत होते, मला काहीही होत नव्हतं, बोर्गचा आकडा ८. तिने लांबूनच स्क्रीन पाहून मला थांबवलं, बसवलं आणि ईसीजीची पट्टी काढली. ठोके पुन्हा अनियमित झाले होते. मला धडधडसुद्धा जाणवली नव्हती. डॉक्टरांना लगेच फोन झाला, औषध बदललं, दोन दिवसांत लय जागेवर आली. व्यायामानंतर शरीर शांत होत असतानाच असे ठोके पुष्कळदा बिघडतात, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे जी दहा मिनिटं कापली जात होती, त्यातच हे सापडलं. बागेत चालत असते तर कुणाला कळलं असतं? त्यानंतर अठरा हजारांचा विषय आमच्याकडे पुन्हा निघालेला नाही.

बाकीचं थोडक्यात. ऑपरेशनसाठी कापलेल्या छातीच्या हाडाची काळजी चांगली शिकवली: कुशीवर वळून उठणं, खोकताना उशी छातीशी धरणं, कुकर न उचलणं, दोरीवर कपडे वाळत न घालणं. हातांचे वजनाचे व्यायाम ऑपरेशनला तीन महिने झाल्याशिवाय दिले नाहीत, ते योग्यच.

आहाराचं सेशन मात्र निकामी. सगळ्यांना एकच छापील कागद, त्यात ‘पालेभाज्या बंद’. आमच्या डॉक्टरांनी तो कागद फाडायलाच सांगितलं. पालेभाज्या बंद करायच्या नसतात, रोज साधारण सारख्या प्रमाणात खायच्या असतात, म्हणजे गोळीचा डोस त्याप्रमाणे बसतो. हिवाळ्यात उंधियु, मेथीची मुठिया, हिरवा लसूण हे एकदम ताटात वाढलं की आयएनआर खाली येतो, आणि मेटलच्या व्हॉल्व्हवर गुठळी होण्याची भीती तिथेच. बडोद्यात राहून हे त्या कागदावर नसावं, हे मला पटत नाही.

पॅकेजमधलं समुपदेशन मला तरी फार उपयोगी पडलं नाही. माझी भाची फिजिओथेरपी शिकते. तिने डेन्मार्कमधला व्हॉल्व्हच्या पेशंटवरचाच २०१६ सालचा अभ्यास दाखवला. त्यातही रिहॅबमुळे शारीरिक क्षमता वाढली, पण मानसिक आरोग्यात फरक आढळला नाही. मला मनाला आधार मिळाला तो त्या सायकलवाल्या बेनशी बोलून. त्यांचाही व्हॉल्व्ह मेटलचा. रात्री शांततेत त्याची टिकटिक ऐकू येते, झोप उडते, हे दुसऱ्या कुणाला सांगून कळत नाही.

शेवटच्या टेस्टला ४१० मीटर झाले. घरचे दोन जिने मध्ये न थांबता चढते.

जाणार असाल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: कूल-डाउन किती वेळ देता, त्या वेळात मॉनिटर लावलेला असतो का, आणि सोडण्याआधी बीपी घेता का. संध्याकाळची बॅच टाळा, सकाळी गर्दी कमी असते. आणि सगळे पैसे एकदम भरू नका. मला हप्ता दिला नव्हता, पण माझ्यानंतर आलेल्या एका काकांनी अडून बसून आधी बाराच सेशनचे भरले, आणि ते चाललं. दुसऱ्या ट्रेडमिलचा पार्ट अजून आलेला नाही.