लाकडी मासोळीवरचा पारदर्शक थर: तीन प्रकार वापरून पाहिल्यानंतर

येलदरी धरणाच्या फुगवट्यात मरळीसाठी गळ टाकताना मी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून कोरलेली आणि हाताने रंगवलेली मासोळी आमिष म्हणून वापरतो. रंगकामाला दोन संध्याकाळी लागतात, पण मासोळीचे आयुष्य ठरते ते रंगावरच्या पारदर्शक थरावर. काठचे काळे दगड आणि मरळीचे दात तर असतातच. शिवाय मासोळीच्याच पोटाखाली लोंबणारा तीनतोंडी गळ प्रत्येक फेकीत अंगावर घासत राहतो. थराला टाचणीएवढे छिद्र पडले तरी पाणी आत जाते, लाकूड फुगते आणि रंग आतून फुटतो.

अतिनील दिव्याखाली घट्ट होणारे रेझिन मी सर्वांत आधी घेतले. ते काही मिनिटांत वाळते आणि ओघळण्याची भीती नसते. मात्र हवेतल्या प्राणवायूमुळे त्याचा वरचा पापुद्रा चिकट राहू शकतो, आणि माझ्याकडचे रेझिन इतके ठिसूळ निघाले की दगडावर आपटताच त्याचे टवके उडाले. बोटाएवढ्या लहान मासोळीला ते चालेल.

दोन घटकांचे पॉलियुरेथेन (पीयू) त्याहून चिवट आहे, आणि ॲलिफॅटिक प्रकारचे असेल तर उन्हात सहसा पिवळेही पडत नाही. तरीही त्याच्या हार्डनरमधील (घट्ट करणाऱ्या घटकातील) आयसोसायनेट हे रसायन श्वासावाटे आत गेल्यास दमा जडू शकतो, म्हणून घरच्या खोलीत ते फवारण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होणारे एक-घटकी पीयूही मिळते. आपल्याकडच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये ते रेंगाळते, तर पावसाळ्यात उघडलेला डबाच लवकर साकळतो.

अखेर मी सावकाश घट्ट होणाऱ्या दोन घटकांच्या इपॉक्सीवर स्थिरावलो. पाच मिनिटांत चिकटवणारे इपॉक्सी यासाठी घेऊ नये. पसरण्याआधीच ते घट्ट होऊ लागते. डब्यावर रेझिन आणि हार्डनरचे 2:1 हे प्रमाण आकारमानाने दिले असेल, तर ते तराजूवर तसेच मोजू नये, कारण रेझिन हार्डनरपेक्षा जड असते. लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढवणे ही तर सरळ चूक आहे; थर कायमचा मऊ राहतो.

मराठवाड्यातील उष्णतेचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. मिश्रण वापरण्याची डब्यावर दिलेली 40 मिनिटांची मुदत साधारण 25 अंशांसाठी असते आणि तापमान 10 अंशांनी वाढले की ती जवळपास निम्मी होते, त्यामुळे मे महिन्यात दुपारी काम केल्यास पेल्यातले मिश्रण तापून घट्ट होऊ लागते. मी रात्री, थोडेच मिश्रण पसरट ताटलीत ओतून काम करतो, एका जाड थराऐवजी दोन पातळ थर देतो आणि मासोळी मायक्रोवेव्हची थाळी फिरवणाऱ्या मोटरवर, मिनिटाला पाच-सहा फेऱ्यांच्या गतीने, पूर्ण वाळेपर्यंत फिरत ठेवतो. रंगावर बोटांचा तेलकटपणा राहिला तर थर तिथून मागे सरतो आणि खळगे पडतात, म्हणून रंगवल्यावर मासोळी फक्त तारेच्या कडीला धरावी. कडीच्या भोकात इपॉक्सी मुरवणे मला वरच्या थराइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरते.

या इपॉक्सीचे दोन दोष आहेत. पांढरे पोट उन्हाने हळूहळू पिवळसर होते. मरळीला त्याने फरक पडल्याचे मला दिसले नाही. दुसरा दोष गंभीर आहे: साध्या तापमानाला घट्ट झालेली अनेक इपॉक्सी 50 ते 60 अंशांच्या आसपास मऊ होऊ लागतात. उन्हात उभ्या मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेल्या माझ्या चार मासोळ्यांवर गळांचे ठसे उमटले होते. तेव्हापासून मी प्रत्येक मासोळी कापडात वेगळी गुंडाळून सावलीत ठेवतो. आमिषाचे मऊ प्लास्टिकचे किडे त्याच डब्यात ठेवत नाही, कारण त्यातील तेलकट द्रव्य अनेक रंगांना आणि वार्निशांना विरघळवते.