हँडलवाला आइस्क्रीम पॉट: घ्या, पण बादलीचं भोक बघून

आधी निकाल सांगून टाकते. घरात खाणारी आठ-दहा तोंडं असतील आणि त्यातल्या निम्म्यांची तरी हात हलवायची तयारी असेल, तर हा पॉट घ्या. दोघंच राहत असाल तर घेऊ नका, माळ्यावर जाऊन पडेल. आणि मोटारवाला तर अजिबात घेऊ नका; का ते पुढं येईलच.

घेतला तो सांगलीतच, भांड्यांच्या एका जुन्या दुकानात. पाच लिटरचा. बाहेरून लाकडी पट्ट्यांची बादली, तिला लोखंडी कड्या, आत स्टीलचा उभा डबा, डब्यात पात्यांचा पंखा, वर आडवी बिडाची दातेरी चाकं आणि हँडल. ४,२०० सांगितले, ३,९०० ला दिला. कंपनी-बिंपनी काही नाही. झाकणावर कमळाचा एक स्टिकर होता, तो पहिल्या धुण्यातच निघाला. दुकानदाराचा सगळा जोर मोटारवाला खपवण्यावर. "मॅडम, हातानं फिरवत बसायला आता वेळ कुणाला आहे?" म्हटलं, मी रिटायर झालेय, मला आहे.

आता मी तुलना कशाशी करतेय ते सांगायला हवं, नाहीतर पुढच्या तक्रारी नुसती किरकिर वाटतील. माझं माहेर सांगलीच्याच गावभागातलं, म्हणजे जुन्या वस्तीतलं. तिथं अण्णांनी, म्हणजे आजोबांनी, घेतलेला पॉट होता. वर्षभर जिन्याखाली पडून असायचा, वातीचा स्टोव्ह आणि गळका बंब यांच्या संगतीत. मे महिन्यात मुंबईच्या आत्या पोराबाळांसकट महालक्ष्मी एक्स्प्रेसनं येऊन उतरल्या की तो बाहेर निघायचा. आदल्या रात्री बादली पाण्यानं काठोकाठ भरून ठेवायची. लाकूड सुकलं की पट्ट्या आकसतात आणि बादली चारी बाजूंनी गळते. रात्रभर भिजली की फुगते आणि फटी आपोआप बुजतात. हे नव्या पॉटलाही लागू आहे. दुकानदार सांगत नाही, आणि लोक पहिल्याच दिवशी "गळतो" म्हणून परत घेऊन जातात.

सकाळी दादा सायकलवरून बर्फाच्या कारखान्यात जायचा. कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळलेली लादी, तिला चिकटलेला लाकडाचा भुसा, आणि कारखान्यापासून दारापर्यंत रस्त्यावर पाण्याची रेघ. बर्फ गोणपाटातच ठेवून बत्त्यानं फोडायचा. बाहेर उडालेले तुकडे आम्ही भुशासकट तोंडात टाकायचो आणि आक्का, म्हणजे आजी, "घसे बसतील रे" म्हणून ओरडायची.

हँडल फिरवायचा क्रम ठरलेला. सुरुवातीला दूध पातळ असतं, तेव्हा लहानांची पाळी, मग मधल्यांची, शेवटी हँडल हलेनासं झालं की दादा आणि मोठा आतेभाऊ. पॉट जागेवरून सरकू नये म्हणून वर गोणपाटाची घडी टाकून सगळ्यात लहानाला बसवायचं. ती जागा बरीच वर्षं माझी होती. थोड्या वेळानं गोणपाट ओलं, मग परकर ओला, मग बूड बधिर. पण उठायचं नाही, कारण पंखा चाटायचा मान वर बसणाऱ्याचा, असा आक्काचा कायदा होता. बाकीच्यांना वाट बघताना परातीत भडंग. त्यातले दाणे आणि लसूण आधी संपायचे, मग तोंड पोळलेली सगळी पोरं पॉटभोवती "झालं का, झालं का".

तो पॉट २०१९ च्या महापुरात गेला. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. गावभागात आमचा अख्खा तळमजला पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर जिन्याखालच्या चिखलातून सुट्या पट्ट्या निघाल्या, डबा गंजून गेला. बिडाची चाकं तेवढी धडधाकट राहिली होती. ती दादानं भंगारवाल्याला दिली, यावरून आमचं अजून मधूनमधून वाजतं.

तर नवा पॉट. चाकं चांगली आहेत, दाते नीट बसतात, हँडल हाताला लागत नाही. ग्रीस मात्र सढळ हातानं फासलंय. आधी पुसून घ्या, नाहीतर काळा थेंब झाकणावर आलाच म्हणून समजा. डबा स्टीलचा, त्यामुळं गंजायची भीती नाही. जुना डबा लोखंडी पत्र्याचा, आतून कथिलाचा मुलामा दिलेला होता. स्टीलमधून उष्णता त्या पत्र्यापेक्षा सावकाश जाते, म्हणून नव्यात थोडं जास्त फिरवावं लागतं. आम्हाला पाऊण तासाच्या आतबाहेर लागतो. गंज काढत बसण्यापेक्षा तेवढं सोसलं.

पात्यांचं मात्र सोसण्यासारखं नाही. डब्याच्या भिंतीला लागलेलं दूध आधी गोठतं, पात्यांनी ते खरवडून मध्ये आणायचं, की त्या जागी नवं दूध जातं. पॉटचं सगळं शास्त्र एवढंच. १८४३ मध्ये अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईनं हँडलच्या पॉटचं पेटंट घेतलं, आणि त्यानंतर यात मुळातून बदलावं असं फारसं कुणाला काही सापडलेलं नाही. या बनवणाऱ्याला सापडलं: त्यानं पाती प्लास्टिकची केली आणि भिंतीपासून चांगली तीन-चार मिलिमीटर आत ठेवली. कडेला टणक थर आणि मधे गार बासुंदी, असा प्रकार होतो. मी सुताराकडून पात्यांना सागवानी पट्ट्या जोडून घेतल्या, भिंतीला जेमतेम घासतील अशा. त्यानं दीडशे रुपये घेतले. आता आइस्क्रीम एकजीव येतं. हे काम ज्यानं पॉट बनवला त्याचं होतं, माझं नव्हे.

मिठाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांचा पॉट इथं फसतो, आणि आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवल्यावर एवढा हक्क माझा आहे. मीठ घातलं की बर्फ भराभर वितळतो, म्हणून लोक हात आखडता घेतात. दादा अजून घेतो. अहो, वितळायलाच हवा. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो, आणि ती ओढतो तुमच्या दुधातून. नुसता बर्फ आणि पाणी शून्य अंशाच्या खाली जात नाही. साखर घातलेलं दूध शून्याला गोठत नाही, त्याला उणे दोन-तीन तरी लागतं. मग नुसत्या बर्फात दिवसभर फिरवलंत तरी हाती गार दूधच. मीठ घालून उणे २१ अंशांपर्यंत जाता येतं असं पुस्तकात असतं, ते मीठ वजनानं २३ टक्क्यांच्या आसपास असताना. घरच्या बादलीत तेवढं होत नाही आणि व्हायची गरजही नाही. मी चार किलो बर्फाला एक किलो खडे मीठ धरते. पाच लिटरच्या पॉटला दहा किलो बर्फ आणि अडीच किलो मीठ पुरतं. मीठ गणपती पेठेत स्वस्त पडतं. माझ्याकडं कॉलेजच्या वेळचा थर्मामीटर आहे, त्याच्या खुणा उणे १० पासून सुरू होतात. तो बादलीत धरला तर पारा खुणांच्या खाली जाऊन बसला. बारीक मीठ घेऊ नका, ते सरळ तळाशी जातं. आणि थरावर थर द्या: बर्फ, मूठभर मीठ, परत बर्फ.

बर्फ उसाच्या रसवाल्याकडं मिळतो. निळसर लादी मिळाली तरी चालेल. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला. पॉटमध्ये बर्फ दुधाला लागत नाही, त्यामुळं तो बिनधास्त वापरा. फक्त पोरांवर नजर ठेवा. आमच्यासारखी ती तुकडे चोखणार असतील तर पांढराच आणा.

दुधाची गंमत अशी की त्यात वरून जेवढं कमी घालाल तेवढं बरं. ८० च्या दशकात घरोघरी फ्रीज आले, तेव्हा काकू आइस्क्रीम मऊ व्हावं म्हणून घालायच्या जीएमएस आणि सीएमसी या पावडरींच्या पुड्या आणून, अर्धवट गोठलेलं आइस्क्रीम बाहेर काढून, परत घुसळून परत ठेवायची. पुड्या फ्रीजला हव्यात, कारण तिथं दूध एका जागी उभं राहून गोठतं आणि त्यात बर्फाचे खडे होतात. पॉटमध्ये ते सतत फिरत असतं, खडे मोठे व्हायला सवडच मिळत नाही. मी म्हशीचं दोन लिटर दूध आटवून दीड लिटरवर आणते, त्यात तीनशे ग्रॅम साखर, वरची साय, आणि दूध पूर्ण गार झाल्यावर अर्धा लिटर हापूसचा रस. गरम दुधात रस घातलात तर ते फाटेल. कच्चं मिश्रण चाखल्यावर जरा जास्तच गोड वाटायला हवं, कारण गारव्यात जिभेला गोडी कमी कळते. पण म्हणून साखर ओतत सुटू नका, साखर फार झाली की ते घट्टच होत नाही. डबा निम्म्याच्या थोडाच वर भरायचा, ते फुगतं.

फुगतं, पण किती? बाजारच्या आइस्क्रीमचं वजन लिटरला किमान ५२५ ग्रॅम हवं एवढाच कायदा आहे. म्हणजे लिटरच्या डब्यात जवळजवळ निम्मी हवा असली तरी ते नियमात बसतं. आमचं लिटरभर वजन केलं तर ८५० ग्रॅमच्या आसपास भरलं. पुण्याहून आलेली भाची म्हणाली, "आत्या, हे जड लागतं." बरोबर आहे, त्यात दूध आहे. आणि डब्यावर बारीक अक्षरात फ्रोझन डेझर्ट लिहिलेलं असतं, त्यात दुधाच्या सायीऐवजी वनस्पती तेल असतं, हे तिला त्याच दिवशी कळलं. स्ट्रॉबेरीच्या रंगाचं काहीतरी ती आवडीनं खाते, खाऊ दे.

मोटारवाल्याबद्दल. शेजाऱ्यांकडं आहे, म्हणून लिहितेय. घट्ट होत आलं की हँडल जड लागायला लागतं, आणि कुठं थांबायचं ते हाताला कळतं. मोटारीला ते कळत नाही. ती एकतर अडकून गुरगुरते, नाहीतर तिच्या काळजीनं तुम्ही आधीच बंद करता आणि पातळ आइस्क्रीम खाता. आवाजानं बोलणं ऐकू येत नाही ते निराळंच. शिवाय नातवानं दुपारभर कुठं जायचं? आमचा नातू हँडलवर बसून घाम गाळतो, मोबाइल मागत नाही. त्याला वर बसवून पाहिलं, तो उठून पळाला. हल्लीच्या चड्ड्या पातळ असतात.

झाल्यावर खारं पाणी झाडांना घालू नका. आमच्या एका आत्यानं अंगणात ओतलं होतं, कर्दळीचा वाफा जळून गेला. आक्का ते मातीच्या परळात भरून गच्चीवर ठेवायची; उन्हात पाणी उडून मीठ उरायचं, ते पुढच्या पॉटला. मी तेवढी काटकसरी नाही, मोरीत ओतते. मात्र चाकं, कड्या गोड्या पाण्यानं धुऊन लगेच कोरड्या करा, मीठ लोखंड खातं. बादली सावलीत वाळवा.

पाचपैकी साडेतीन देईन. एक गुण पात्यांचा गेला आणि अर्धा भोकाचा. बादलीला बाजूनं एक भोक असतं, वितळलेलं जास्तीचं खारं पाणी त्यातून बाहेर पडावं म्हणून. ते डब्याच्या झाकणाच्या खाली हवं. या पॉटात ते झाकणाच्या वर आहे. म्हणजे भोकापर्यंत पोचायच्या आधी पाणी झाकणाला भेटणार आणि दोन लिटर आटवलेलं दूध खारट होणार. मी वापरण्याआधी बादलीत नुसतं पाणी भरून बघितलं, म्हणून दिसलं. नवऱ्यानं ड्रिलनं झाकणाच्या दोन बोटं खाली नवं भोक पाडलं, वरच्याला लाकडी बूच ठोकलं. फार खाली पाडू नका, सगळंच पाणी निघून गेलं तर डब्याला गारवा नीट पोचत नाही; बर्फ त्या खाऱ्या पाण्यात तरंगताच हवा.

दुकानदाराला जाऊन हे सांगितलं. तो म्हणाला, "सगळे असेच येतात मॅडम. पाहिजे तर आम्ही खाली भोक पाडून देतो, पन्नास रुपये." पैसे द्यायच्या आधी पाडून घ्या, फुकट पाडतो.