‘सेटचे पैसे नंतर द्या, आधी फक्त भाडं पाठवा’

नुकतंच लायसन मिळालेल्या आणि जुना एचएफ सेट (लांब पल्ल्याचा वायरलेस) शोधत असलेल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मित्रांनी हे जरूर वाचावं. माझे १२,१५० रुपये गेले. त्यातला एकही रुपया सेटची किंमत म्हणून मागितलेला नव्हता. सगळा पैसा कुरिअरच्या नावाखाली उकळला गेला.

सेट होता आयकॉम ७१८. शंभर वॅटचा, साधा, दणकट. नव्या माणसाला शिकायला उत्तम. सोबत पॉवर सप्लाय आणि मूळ हँड माइक, सगळे मिळून ४२,००० रुपये. संशय यावा इतकी ती किंमत कमी नव्हती. विक्रेता म्हणे गुवाहाटीत, मी सांगलीत. त्याने दिलेला व्हीयू-टू कॉलसाइन (लायसनसोबत मिळणारी हवेवरची ओळख) इंटरनेटवरच्या यादीत सापडला, नावही जुळलं. ४० मीटर बँडवर रेडिओवरून बोलू म्हटलं, तर घर बदलतोय, डायपोल अँटेना उतरवून ठेवलाय, असं उत्तर आलं. आपल्यापैकी कोणाच्याही बाबतीत हे खरं असू शकतं. मग तो स्वतःहूनच म्हणाला, “सेट हातात घ्या, चालवून बघा आणि मग पैसे द्या. आता फक्त भाडं पाठवा.” ज्याला बुडवायचंय तो असं कशाला म्हणेल? सगळी मेख याच वाक्यात होती.

भाडं सांगितलं १,४५०, घरपोच. ते पाठवल्यावर डॉकेट नंबर आणि ट्रॅकिंगची लिंक आली. लिंकवर पार्सल कोलकात्यापर्यंत पोचलेलं दिसत होतं. मग ‘कुरिअरच्या ऑफिसातून’ फोन: माल महागडा आहे, विमा उतरवावा लागेल, ४,२०० रुपये, डिलिव्हरी झाली की परत. त्यानंतर दुसरा माणूस: वायरलेस सेट दुसऱ्या राज्यात जातोय, डब्ल्यूपीसीची (वायरलेसचे परवाने देणारं केंद्र सरकारचं खातं) मंजुरी लागते, ६,५०० भरा, नाहीतर पार्सल जप्त होईल आणि तुमच्या नावावर केस होईल. पावतीही आली, शिक्क्यासह. पुढे जीएसटीच्या नावाने आणखी ९,८०० मागितले, तेव्हा मी त्या कुरिअर कंपनीच्या सांगलीतल्या ऑफिसात जाऊन डॉकेट दाखवलं. काउंटरवरच्या मुलाने नंबर बघताक्षणी सांगितलं, आमच्या नंबराची ही पद्धतच नाही. ट्रॅकिंगची वेबसाइटही त्यांची नव्हती.

आता भाड्याचा हिशेब नीट मांडतो, कारण तो माहीत असला तर हा प्रकार पहिल्याच फोनवर उघडा पडतो. ७१८ चं वजन ३.८ किलो. पण कुरिअरवाले नुसत्या वजनावर भाडं लावत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हवाई मालासाठी साधारण ५००० ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तोच धरतात. सेट साधारण २४ × २४ × ९.५ सेंटिमीटरचा आहे. सगळ्या बाजूंनी आठ सेंटिमीटर फोम ठेवला तर खोकं ४० × ४० × २५ चं होतं. म्हणजे ४०,००० भागिले ५०००, आठ किलो. पावणेचार किलोच्या सेटला आठ किलोचं भाडं. पॉवर सप्लाय ट्रान्सफॉर्मरचा असेल तर तो एकटाच सेटपेक्षा जड, आणि त्याला वेगळं खोकं हवं. नाहीतर वाटेत तो सेटवर आदळून समोरच्या पॅनलचा चुरा करेल.

म्हणून खोकं भरून, टेप मारून, मोजल्याशिवाय पक्कं भाडं कोणालाच सांगता येत नाही. माझ्या विक्रेत्याने खोक्याचं माप कधीच सांगितलं नाही. सप्लाय हलका एसएमपीएस की जड ट्रान्सफॉर्मरचा, हेही नाही. खरा हॅम सेट पाठवताना पॅकिंगबद्दल भरभरून बोलतो: ट्यूनिंगच्या नॉबवर दाब येऊ नये, खोक्यात खोकं असावं, माइक वेगळा गुंडाळावा. सेटवर जीव असतो त्याचा. इथे त्या विषयावर एक अक्षर नव्हतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माझ्या लायसनची प्रत त्याने मागितली नाही. लायसन न बघता सेट विकायला जबाबदार हॅम तयार होत नाही.

परत मिळणारा विमा ही चीजच अस्तित्वात नाही. मालाचा विमा म्हणजे जाहीर किमतीवरचा छोटा टक्का, आणि तो परत येत नाही. डब्ल्यूपीसीच्या नावाने कुरिअरचा माणूस फोन करून यूपीआयवर पैसे घेत नाही, कधीच नाही.

ज्यांचा कॉलसाइन वापरला गेला, त्यांच्याशी एका ओळखीच्या हॅममार्फत बोलणं झालं. वयस्कर गृहस्थ. त्यांच्याकडे ७१८ कधी नव्हताच. आपल्या कॉलसाइनवर कोणी लोकांना लुबाडतंय, हे ऐकून ते फार व्यथित झाले. आयुष्यभर हवेवर जपलेली ओळख आहे ती. पैशांपेक्षा या गोष्टीची चीड मला जास्त आहे.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार केली, सायबर क्राइमच्या पोर्टलवरही नोंदवली. शेवटचे ६,५०० बँकेने गोठवले आहेत. बाकीचे पुढच्या खात्यांत निघून गेले होते. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी १९३० ला फोन करा, विक्रेत्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका.

लांबचा सेट घ्यायचाच असेल तर विक्रेत्याच्या गावातला हॅम शोधा. बँडवर विचारलं की कोणी ना कोणी सापडतोच, आणि तो आनंदाने जाऊन सेट बघून येतो. ते जमलं नाही तर व्हिडिओ कॉलवर डमी लोड (चाचणीसाठी अँटेनाऐवजी जोडतात तो) लावून पॉवर दाखवायला सांगा, आणि मागचा सीरियल नंबर तुमच्या कॉलसाइनच्या चिठ्ठीसह. भाडं ट्रान्सपोर्टने टू-पे ठेवा, म्हणजे ते गोदामात माल समोर बघून भरता येतं.

तेच फोटो आता दुसऱ्या कॉलसाइनखाली फिरत आहेत. सेटच्या वरच्या झाकणावर डाव्या कोपऱ्यात लांब ओरखडा आहे, माइकच्या वायरीला पांढरी टेप आहे आणि मागे निळा पडदा दिसतो. ही जाहिरात दिसली तर एक रुपयाही पाठवू नका, आणि ज्यांचा कॉलसाइन लावलाय त्यांना लगेच कळवा.