लेआउट सॉफ्टवेअर, आठ महिन्यांनी: काम झकास, तपासनीस डोक्याला ताप

सांगलीत गणपती पेठेत माझं डीटीपीचं दुकान आहे. बेदाण्याच्या बॉक्सची लेबलं, हळदीच्या पिशव्या, लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं. गेल्या गणपतीच्या आधी वर्षाचे पैसे भरून, पक्क्या बिलावर हे सॉफ्टवेअर घेतलं. नाव लिहीत नाही, वापरणाऱ्यांना कळेलच.

काम म्हणाल तर फर्स्ट क्लास. जोडाक्षरं फुटत नाहीत, 'ऱ्या' नीट येतो.

तक्रार आहे ती सोबत आलेल्या लायसन्स तपासनीसाची, म्हणजे प्रत रीतसर घेतलेली आहे का ते पाहणाऱ्या छोट्या प्रोग्रामची. सॉफ्टवेअर बंद केलं तरी हा चालूच. पहिले दोन महिने मला वाटायचं हार्डडिस्क चालली, इतकी कुरकुर. टास्क मॅनेजर उघडला तेव्हा कळलं, साहेब सगळी डिस्क हुंगत बसलेत. गिऱ्हाइकांची आधारकार्डं, शाळांचे पेपर, सगळं तिथंच. काय वाचतो, काय वर पाठवतो, त्याबद्दल करारात एकच ओळ: 'पडताळणीसाठी आवश्यक माहिती'.

मार्चमध्ये, ऐन बेदाण्याच्या सीझनला, तासगावची लेबलं छपाईला जायची होती. शनिवारी रात्री लाल पट्टी आली: 'अनधिकृत प्रत आढळली'. एकही फाइल उघडेना. ही प्रत कुठली, तर याच सॉफ्टवेअरचा सेटअप, मी दुसऱ्या डिस्कवर बॅकअप म्हणून ठेवलेला! 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 असा बॅकअप ठेवू देतं. पण इथं फिर्यादी तोच, न्यायाधीश तोच आणि कुलूपही त्याच्याच हातात. सोमवारी कस्टमर केअर म्हणालं, "सर, सिस्टिमनं पकडलंय." बिल मेल केलं, बुधवारी कुलूप निघालं. तोवर लेबलं शेजारच्या दुकानातून करून घेतली, पदरचे पैसे घालून.

भाचा म्हणाला, "मामा, हे जुनंच दुखणं." 2005 मध्ये सोनी बीएमजीची काही गाण्यांची सीडी कॉम्प्युटरला लावली की कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर गुपचूप आत शिरायचं आणि ठरावीक अक्षरांनी सुरू होणाऱ्या फायली विंडोजपासून लपवायचं. त्याच आडोशाला व्हायरसवाले येऊन बसले. ते काढायला म्हणून दिलेल्या साधनानं आणखी एक भगदाड पाडलं. शेवटी सीड्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. चोरासाठी ठेवलेला गडी आणि मागचं दार सताड उघडं, असला प्रकार.

आता गिऱ्हाइकांची कागदपत्रं जुन्या, नेट नसलेल्या मशीनवर ठेवतो. डिझाइनला पाचपैकी साडेचार, तपासनीसाला भोपळा. सेटअपची कॉपी पेनड्राइव्हवर आहे, गल्ल्यात, नोटांच्या खाली.