हायड्रोजनचा डायफ्रॅम कॉम्प्रेसर: देखभाल करणाऱ्याचा अभिप्राय

हायड्रोजन भरणा केंद्रातल्या यंत्रांची देखभाल माझ्याकडे आहे. हरित हायड्रोजन म्हटलं की कौतुक होतं ते सौर पॅनेल आणि त्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या इलेक्ट्रोलायझरचं. माझं लक्ष मात्र दिवसभर कॉम्प्रेसरच्या गेजवर असतं. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते खरी, पण हवेच्या दाबाला तो किलोभर वायू अकरा-बारा घनमीटर जागा व्यापतो. गाडीच्या टाकीत तो ७०० बारला (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब) बसवायचा, तर केंद्रावरच्या साठ्यात दाब त्याहून बराच जास्त लागतो.

हे काम डायफ्रॅम कॉम्प्रेसर फार सुरेख करतो. धातूचे तीन पातळ पडदे एकावर एक असतात. खालून हायड्रॉलिक तेल त्यांना ढकलतं आणि वर वायू दाबला जातो. तेल वायूला शिवतच नाही. गाडीत हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलला ९९.९७ टक्के शुद्ध हायड्रोजन लागतो, त्यामुळे हा गुण सगळ्यात मोठा. एखादा पडदा फाटला तर मधल्या फटीतला दाब वाढतो, अलार्म वाजतो आणि यंत्र थांबतं. इतक्या ज्वालाग्राही वायूजवळ काम करताना याचा केवढा आधार वाटतो!

खोट आहे ती चालू-बंद होण्यात. ढग आले की वीज कमी, वीज कमी की वायू कमी, मग यंत्र बंद. थोड्या वेळाने पुन्हा सुरू. पडद्यांचं आयुष्य यात झपाट्याने घटतं. सलग चालवलं की हेच यंत्र तक्रार करत नाही. वायूबरोबर धातूचा बारीक कण आत गेला तरी पडद्याला खड्डा पडतो, म्हणून आधीच्या फिल्टरवर काटकसर नको.

विजेचा हिशेबही बघा. आदर्श वायू (साधा वायुनियम तंतोतंत पाळणारा) धरला तर १ वरून ३० बारला न्यायला जेवढं काम लागतं, तेवढंच ३० वरून ९०० ला लागतं. त्यामुळे ३० बारला वायू देणारा इलेक्ट्रोलायझर असेल तर कॉम्प्रेसरचं जवळपास निम्मं ओझं उतरतं.

यंत्र जरूर घ्या, पण इलेक्ट्रोलायझर आणि कॉम्प्रेसर यांच्यामध्ये वायू साठवून ठेवणारी मोठी बफर टाकी ठेवा, पडद्यांचा एक जादा संच हाताशी असू द्या. आणि पडदे किती तास टिकतात हे विचारताना तो आकडा सलग चालण्याचा की रोजच्या चालू-बंदचा, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.